बाकड्यावर बसू नये

आंबोली गावठाण, अंधेरी (पश्चिम)
सोमवार, दुपार

लाडक्या नेव्हिलबाबास, मोठ्या बहिणीचा आशीर्वाद आणि ब्रिजेटला एक गोड पापा.

देवाच्या दयेने आम्ही इथे बरे आहोत. माझं बीपी गोळीच्या धाकात आहे, शेर्विन त्याच्या ऑफिसच्या धाकात आहे, आणि माझे गुडघे जिथल्या तिथे आहेत, फक्त वाकत नाहीत. तुझी शुगर काय म्हणते? ब्रिजेटचा खांदा दुखायचा थांबला का? हे सगळं मी फोनवरच विचारलं असतं, पण सहा महिने झाले, तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी तुला बायबलमधलं एक वचन पाठवत होते. मला वाटायचं, तुमच्या मढ बेटावर नेटवर्क नसेल. शेवटी शेर्विन म्हणाला, "मम्मा, अंकलने तुला ब्लॉक केलंय." माझं एक वेळ ठीक आहे रे, पण माझ्याबरोबर तू येशूलापण ब्लॉक केलंस! म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

तुझा राग पपांच्या बाकड्यावरून आहे, ते मला माहीत आहे. पण माझी बाजू तू कधी ऐकून घेतलीच नाहीस. आपलं घर बिल्डरकडे गेलं, बदल्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट आला. बाकडं साडेसात फूट आणि आमचा हॉल दहा फूट. ते ठेवलं असतं तर पाहुण्यांनी दारातूनच नमस्कार करून परत जायचं. तुला विचारलं, तर म्हणालास, ब्रिजेटने नवीन सोफा घेतलाय, शूटिंगवाले बंगला भाड्याने घेताना सोफा बघतात. (तो सोफा मी पाहिलाय. त्यात माणूस बसला की बाहेर काढायला दोन माणसं लागतात.) भंगारवाला म्हणाला, लाकूड चांगलं आहे, कापून देतो. कापून! तेव्हा शेर्विनने शोधून काढलं की घाटकोपरच्या पुढे मालधक्क्याच्या एका जुन्या शेडमध्ये रेल्वेच्या निवृत्त माणसांनी छोटं म्युझियम काढलंय आणि ते जुन्या वस्तू मागतायत. टेम्पो आला, बाकडं गेलं. तुला कळवलं दुसऱ्या दिवशी. ते मात्र चुकलं. आधी कळवायला हवं होतं.

तर गेल्या शुक्रवारी मी ते म्युझियम बघून आले. एकटी गेले, मेट्रोने. (एका मुलीने उठून जागा दिली. मी अजून त्या धक्क्यातून सावरलेली नाही.) शेड बाहेरून अगदी साधी आहे, पण आत पाऊल टाकलं आणि मला पपांच्या डब्याच्या पिशवीचा वास आला. तेल, लोखंड आणि ओलं लाकूड. पपा रेल्वेच्या वर्कशॉपातून घरी आले की ममा त्यांना आधी मोरीत पाठवायची, तोच वास. तिथे सिग्नलचे माझ्या उंचीचे खटके आहेत, गार्डाचे लाल-हिरवे कंदील आहेत, आणि पुठ्ठ्याच्या जुन्या तिकिटांवर तारीख मारायचं यंत्र आहे. तिथले प्रमुख दशरथ म्हणून आहेत, मालवणकडचे, तीस वर्षं गार्ड होते. त्यांनी मला एक तिकीट मारून दिलं. खट्ट! त्या आवाजासरशी मी एकदम फ्रॉकमध्ये गेले रे, खिडकीपाशी टाचा उंच करून उभी.

भिंतीवर अंधेरी ते ट्रॉम्बे रेल्वेचा नकाशा आहे. आठवतं, पपा सांगायचे की आपल्या अंधेरीहून कुर्ल्यावरून ट्रॉम्बेला गाडी जायची, आणि आपण हसायचो, कारण पपा आणखी बरंच काही सांगायचे? नेव्हिल, ती खरंच होती. अठ्ठावीस साली सुरू झाली आणि सहा वर्षांत बंद पडली. मी नकाशासमोर उभी राहून मनातल्या मनात पपांची माफी मागितली. (बाकीच्या गोष्टींची नाही मागितली. वेसाव्याच्या खाडीत देवमाशाने त्यांची चप्पल गिळली, ते मी अजूनही मानत नाही.)

मग आलं आपलं बाकडं. चारी बाजूंनी लाल दोरी, वर दिवा, शेजारी पाटी: कृपया बाकड्यावर बसू नये. पॉलिश असं केलंय की मी आधी ओळखलंच नाही. पाठीवरची बी.बी.सी.आय. ही जुन्या रेल्वे कंपनीची अक्षरं बघितली, तेव्हा कुठे ओळख पटली. तेवढ्यात शाळेची एक सहल आली आणि दशरथ त्यांना समजावून सांगायला लागले. मुलांनो, हे पहिल्या वर्गाच्या लेडीज वेटिंग रूममधलं बाकडं. कडेला या बारीक खाचा दिसतात ना, गाडी उशिरा आली की कंटाळलेले प्रवासी अशा खाचा पाडत असावेत. हा काळा गोल डाग गार्डाच्या गरम कंदिलाचा असावा. आणि ही मधली पट्टी वेगळ्या लाकडाची आहे, म्हणजे साहेबाच्या काळातच दुरुस्ती झाली असावी.

आता तू सांग, मी काय करायचं होतं? त्या खाचा म्हणजे ममा बोंबलांची डोकी उडवायची त्या. तो डाग डुकराच्या सोरपोतेलच्या टोपाचा, जो नाताळच्या दिवशी तू चुलीवरून उचलून थेट बाकड्यावर ठेवलास आणि ज्याचा मार मी खाल्ला. आणि साहेबाच्या काळातली पट्टी माझ्या लग्नात मोडली, रुडॉल्फ अंकल त्यावर उभे राहून नाचले तेव्हा. पपांनी दुसऱ्या दिवशी फणसाची फळी ठोकली आणि वर्षभर अंकलशी बोलले नाहीत. (न बोलणं आपल्या घराण्यातच आहे.)

हसू आवरेना. म्हणून आधार घ्यायला हात पुढे केला, आणि काय झालं मला कळलं नाही, दोरीखालून वाकून मी आत गेले (हो, याच गुडघ्यांनी) आणि बसले. डावीकडच्या टोकाला, माझ्या जागेवर. शिट्टी वाजली. विमला नावाची वॉचमनबाई धावत आली.

"ओ आजी, उठा उठा! बसायचं नाही त्यावर!"

"मग बाकडं कशाला केलंय?" मी म्हटलं.

"ते बघायचं बाकडं आहे."

"बाई, या बघायच्या बाकड्यावर माझ्या आईने बोंबील कापलेत, मी दहावीचा अभ्यास केलाय, गोवर काढलाय, आणि माझे वडील याच्यावरच गेले. तू मला काय उठवतेस?"

वडील म्हटल्यावर माझा आवाज फुटला. शिट्टी तिच्या तोंडातच राहिली. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! पण दशरथ आले, चष्मा काढला आणि चक्क माझ्यासमोर जमिनीवर बसले. "काय सांगतास बाई! बोंबील?" मग मी सगळं सांगितलं. पपा वर्कशॉपात सुतार होते, भंगाराच्या लिलावात त्यांनी हे घेतलं, घरात दुसरी खुर्ची नव्हती, रात्री तुझं अंथरूण याच्यावर आणि माझं याच्याखाली. एका पोरीने विचारलं, खाली भीती नाही वाटायची? मी म्हटलं, वर माझा भाऊ झोपायचा, त्याच्या घोरण्यापुढे भूत कसलं येतंय!

मला वाटलं, म्हातारा चिडणार, त्याच्या वेटिंग रूमची मी वाट लावली. तो म्हणाला, बाई, वस्तू लिलावात गेली की आमच्या रजिस्टरात 'निकाली' असा शिक्का पडतो. पुढे तिचं काय झालं, ते आम्हाला कधीच कळत नाही. पहिल्यांदाच कळतंय. आणि त्याने विमलाला दोरी सोडायला सांगितली. ती मुलं आळीपाळीने बाकड्यावर बसली, दोन-दोन मिनिटं. पपांच्या जागेवर एक जाडा मुलगा बसला आणि पाय हलवत बसला. मला बरं वाटलं.

परतताना मेट्रोत तुझीच आठवण येत होती. हे हसण्यासारखं आहे, हे कळणारं जगात आता एकच माणूस उरलंय आणि त्यानेच मला ब्लॉक केलंय.

ब्रिजेटला सांग, सोफ्याबद्दल लिहिलं ते मनावर घेऊ नकोस.

तुझी,
एव्हलिन

ता. क. दशरथ नवीन पाटी लावणार आहेत, आपल्या घराची. मजकूर मी द्यायचाय. सगळं लिहून झालंय, पण बाकडं घरी आलं तो दिवस मला लिहिता येत नाही. स्टेशनवरून बैलगाडीने आणलं एवढंच ठाऊक आहे. मी बारा वर्षांची होते, तापाने घरी पडले होते. पपांबरोबर तू गेला होतास. तेव्हा येत्या रविवारी, चर्चमधल्या मिस्सानंतर, अकरा वाजता म्युझियमवर ये आणि तूच सांग. फोनवर नको, पत्राने तर मुळीच नको. तुझं अक्षर कुणाला लागत नाही.

ता. क. दुसरा. पाटीची काही घाई नाही, दशरथ म्हणाले नाताळपर्यंत चालेल. रविवार मीच ठरवला. आणि मला ताप-बिप काही नव्हता रे. गाडीच्या मागे मी चालत होते, आणि तू वर बाकड्यावर बसून सबंध रस्ता मला ओरडून तिकीट विचारत होतास. तरी ये.