साहेबांच्या कासवाचं अंथरूण

आप्पा, काल शेजारणीने मला विचारलं, कासवाच्या पेटीत खाली काय घालावं. तिच्याकडे कुणीतरी कासव आणून दिलंय. मी ताडकन म्हणाले, कापूस नको, लाकडाचा भुसा तर बिलकुल नको. ती हसली. मला मात्र जाफराबादचा तो मे महिना आठवला आणि त्यातले तुम्ही आठवलात. वडील म्हणून तुमचा दरारा केवढा! दारात तुमची सायकल वाजली की आम्ही बहिणी रेडिओ बंद करून, सुट्टी असली तरी, पुस्तकं उघडायचो. आणि अशा तुमच्या घरी तुमच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी गावी जाताना आपलं कासव ठेवायला दिलं. "जपा हं, मुलांचा जीव आहे त्याच्यात," असं वर सांगून. तुम्हाला नको असलेली घनसावंगीची बदली करायची की नाही, हे तेव्हा त्यांच्याच हातात होतं.

कासव आलं ते आंब्याच्या पेटीत, रद्दीवर बसून. त्याला तिथेच राहू दिलं असतं तर एवढं काही बिघडलं नसतं. पण साहेबांचं कासव रद्दीवर झोपणार, हे तुम्हाला पटेना. तुम्ही स्वतःची उशी फोडलीत आणि कापूस पिंजून त्याला गादी केलीत. सकाळी पाहतो तर मागच्या पायाला कापसाचा पीळ बसलेला, पाय सुजलेला. आई ब्लेडने एकेक तंतू कापतेय आणि तुम्ही तिच्या डोक्यावर उभे राहून ओरडताय, "हळू! त्याला लागंल!" मग तुम्ही लाकूड कापायच्या गिरणीतून भुसा आणलात. त्याने कासवाचे डोळे चिकटले, नाकाशी फुगे आले, खाणं सुटलं. आई म्हणाली, "अंथरूण पाहून पाय पसरावं म्हन्तेत, ह्यानं तं पायच आत घेतले." एरवी तुम्ही तिला झापलं असतं. त्या दिवशी नुसते भिंतीला टेकून बसलात.

"मेलं तं?" तुम्ही म्हणालात. "साहेब पुढल्या हप्त्यात येऊन राह्यले. काय तोंड दाखवू?"

"अहो, ते रानातलं जनावर हाय, गादीवरचं न्हाई. जल्दी काहीतरी करा."

तुम्ही उठलात. भाकरीच्या परातीत कोमट पाणी घेऊन त्याचे डोळे धुतलेत, आई बघतच राहिली. भर उन्हात सायकल काढून शिवारात गेलात आणि बांधावरची माती पोत्यात भरून आणलीत. कपाशीतली नको, तिथं फवारा मारलेला असतो, असं स्वतःशीच पुटपुटत होतात. पाणी शिंपडून माती जराशी ओलसर केलीत, वर वाळलेलं गवत टाकलंत. मग दाराआडून मी पाहिलं, तुम्ही ओणवे झालात आणि स्वतःचा गाल त्या मातीवर टेकवलात. धूळ उडते का, काही टोचतं का, हे डोळे उघडे ठेवून पाहत होतात. मिशीला माती, समोर कासव. "खा की रे," तुम्ही त्याला म्हणालात. "माझ्यासाठी खा." मला रडू आलं.

त्याने हळूहळू डोळे उघडले, तांदुळज्याची पानं खाल्ली. साहेब आले, त्यांनी कासवाकडे धड पाहिलंही नाही. "मुलांना आता पोपट हवाय. ठेवा तुमच्याकडेच," म्हणाले. आणि जूनमध्ये तुमची बदली झालीच. घनसावंगीच्या एसटीत ती पेटी, खाली बांधाची माती घालून, तुम्ही मांडीवर धरली होती. सबंध रस्ताभर तुम्ही आम्हाला ओरडत होतात, नीट बसा, पेटीला धक्का लावू नका.

हे पत्र टपालात टाकायचं नाहीये, म्हणून सांगते. त्या दुपारनंतर मला तुमची भीती कधी वाटलीच नाही, माया मात्र फार वाटायला लागली. तुम्ही ओरडलात की मी घाबरल्यासारखी मान खाली घालायचे ना, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून.