पस्तीस किलो आणि पदर

रविवार, संध्याकाळ. लातूर.

बावन्नाव्या वर्षी वेटलिफ्टिंगच्या पहिल्या स्पर्धेत उतरले आणि मला पाडलं ते पदरानं. तोही अंगावर नसलेल्या! पस्तीस किलोंचा बार खांद्यापर्यंत आणला होता, तेवढ्यात समोर सासरे दिसले. गावाकडून, लोह्याहून, कुणालाही न सांगता आलेले. हात आपसूक डोक्याकडं गेला, पदर घ्यायला. टी-शर्टला कुठला पदर? बार धाडकन खाली.

दुसरी खेप त्या हाताचाच विचार करण्यात गेली. लेख लिहून जगाच्या सवयींची सालटी काढते मी, आणि माझा हात? आता शेवटची खेप. तीही गेली तर नावापुढं शून्य.

सासरे उठले. वाटलं, रागावून निघाले.

"सुमन, मी पाठ करून बसतो. उचल तू बिनघोर!" म्हणाले आणि खुर्ची फिरवून खरंच भिंतीकडं तोंड करून बसले.

बार डोक्यावर गेला. थांबला. पंचांनी खाली टाकायची खूण केली, तरी मी धरूनच ठेवला आणि ओरडले, "मामा, फिरा इकडं! बघा!"

ते वळले. बघतच राहिले.

"लई जड हाय का गं?"

दोन्ही हात लटलटत होते.

"न्हाई, मामा."