अपुरी बाही

डब्लिन, ओहायो. रविवार, संध्याकाळ

लिहायला बसले, कारण आज ईशाने माझ्या हातातलं विणकाम काढून घेतलं. माझ्या हातातलं!

यांच्यासाठी विणायला घेतलेला राखाडी स्वेटर. हे मार्चमध्ये गेले आणि एक बाही राहिली. लोकर चांगली आहे, वाया कशाला? उसवून नातवाला टोपी करावी म्हणून बसले, तर लेक ओरडली, "आई, स्टॉप!"

ती म्युझियममध्ये जुनी वस्त्रं सांभाळते. सध्या पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या वाळवंटातली. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीची लोकरसुद्धा रंगासकट टिकली. गेलेल्या माणसाला भरतकामाच्या शालींत थरावर थर गुंडाळून पुरायचे.

"त्यातल्या काही शाली हाफ-डन आहेत, आई. तशाच दिल्यात त्याला."

"आळशी असतील."

"आई! कोणीतरी त्याच्यासाठी भरत होतं आणि तेवढ्यात तो गेला. इतकंच दिसतं त्यात."

मी चहा टाकायला उठले. चहा कसला, डोळे पुसायला.

ती बाही. रोज संध्याकाळी हे माझ्यासमोर हात लांब करून बसायचे, मापासाठी. माप एकदाच घ्यावं लागतं. मी कधी सांगितलं नाही. रोज घेत राहिले.

टोपीला दुसरी लोकर आणता येईल.

ईशा निघताना तिच्याकडे सांभाळायला दिला: राखाडी स्वेटर एक. उजवी बाही कोपरापर्यंत. सुया टाक्यांतच.