लिंबाजीचा आईतवार

१७ जानेवारी १९४४, सोमवार

कालपासून डोकं ठणकतंय. लिंबाजीला देशमुखाच्या माणसांनी मारलं आणि गढीतल्या कडब्याच्या खोलीत कोंडलं. गुन्हा काय? वेठीला नाही म्हणाला! येडशी स्टेशनावरून पाहुण्यांच्या ट्रंका डोक्यावर आणायच्या होत्या. हा म्हणाला, "आज आईतवार, देवाचा वार. उद्या दोन खेपा मारतो की." मांगवाड्यातून देशमुखाला 'उद्या' म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

त्याला शिकवलं कुणी? आमच्याच घरातून! बाप्तिस्मा दिल्यापासून ह्यांचं दर उपासनेला एकच — रविवारी कामाला हात लावायचा नाही. मोठे पाळक! आपला रविवार सोपा आहे हो. पाळकाला कोण वेठीला धरतंय?

१८ जानेवारी

संध्याकाळी मंडळी जमली. प्रार्थना. मग आणखी प्रार्थना. ह्यांनी डोळे मिटून देशमुखाचं मन पालटावं म्हणून गळा काढला. लिंबाजीची बायको कडूबाई दारातच उभी होती. आमेन व्हायच्या आत म्हणाली, "पाळकबाबा, देव ऐकायलाय, ते कळलं. देशमुखाला कवा सांगताव?"

कुणी डोळे उघडले नाहीत. मी उघडले होते.

१९ जानेवारी

मिशनच्या साहेबांचा निरोप आला — निजामाच्या राज्यात आपण परवानगीवर आहोत, गावच्या भानगडीत पडू नका, धीर धरा. धीर! तो तर लिंबाजीच धरतोय.

२० जानेवारी

आज भांडले. म्हटलं, "गढीवर जा. एवढंच सांगा, मी शिकवलं म्हणून त्यानं केलं."

"आणि मिशनची शाळा बंद पाडली तर? आपल्यालाच गावाबाहेर काढलं तर?"

"मग हे बाप्तिस्म्याच्या आधी लिंबाजीला सांगायचं होतं!"

हे जेवले नाहीत. मीही बोलावलं नाही. पडल्या पडल्या वाटलं, उगीच टाकून बोलले. भित्रा माणूस आहे, पण वाईट नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. हे घर गेलं तर जायचं कुठं?

२१ जानेवारी

शेवटी मीच गेले. देशमुखीणबाईंनी अंगणातच उभं केलं. बस म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मालकांचं काही मागणं नाही. पाया पडू दे, आईतवार सोडला म्हणू दे, आत्ता सोडतील."

एवढंच? मला तर हलकं वाटलं! तशीच मांगवाड्यात गेले, कडूबाईला म्हटलं, "म्हणू दे की एकदा. देव काय रागावतोय?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी ओशाळले. "म्या बी तेच म्हनले, बाई. खिडकीतून हात जोडले. न्हाय ऐकत. म्हनतो, पाळकबाबांनी देवाम्होरं शब्द घेतलाय माझा. त्यो कसा मोडू?" मग म्हणाली, "पाठ लई सुजलीया. कुशीवर बी पडता येईना."

घरी आल्यावर हे सगळं ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. पवित्र शास्त्र उघडून बसले. पान काही उलटलं नाही.

२२ जानेवारी

थकले. कुणाशी बोलावंसं वाटत नाही. उद्या रविवार — पुन्हा तीच गाणी, तोच उपदेश! ह्यांना विचारलं, उद्या कशावर बोलणार? म्हणाले, "ठरलं नाही."

२३ जानेवारी, रविवार

उपासना झाली नाही. मंडळी वाट बघत बसली आणि हे सकाळीच एकटे गढीवर. देशमुखाला म्हणाले, "शिकवणारा मी. त्याला सोडा, नाहीतर मलाही आत घाला." घातलं. लिंबाजीशेजारी.

मी नुसती रडत होते. मीच पाठवलं त्यांना, मीच! कडूबाई आली, पदरानं माझं तोंड पुसलं. "उठा बाई. आमी हाव की. समदा मांगवाडा गढीम्होरं बसायलाय. तुमी माज्यापाशी बसा."

बाहेर थांबलीय ती. निघते.