एका गालाएवढी गोष्ट

रा. रा. भावजींना वहिनीचा आशीर्वाद. मायन्यात ‘चिरंजीव’ लिहिणार होते, पण तुमची दाढी आठवली. छातीवर रुळायला लागली म्हणे. तुमचे दादा गेल्यापासून तुम्ही कुणाच्या वस्तऱ्याला गाल दिला नाहीत, हे तुमच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेही हळू आवाजात, जणू काही तुम्ही दारूच धरलीय. असो. इकडे सगळी धडधाकट. माझा गुडघा कुरकुरतो, पण आमच्या सुनेपेक्षा कमी (ती हे वाचणार नाही, तिला माझं अक्षर लागत नाही). तुमच्या तब्येतीचं मात्र मी विचारणार नाही. मागच्या पत्रात तुम्ही बीपी, पित्त आणि झोप यांची अशी साग्रसंगीत हकिकत कळवलीत की वाचून मलाच डॉक्टरकडे जावंसं वाटलं. ज्यानं लिहिलेल्या कागदावर आपलं अख्खं सलून पोट धरून हसायचं, तो माणूस आता गोळ्यांची नावं लिहितो.

पत्राला कारण आपली नात. कॉलेजात तिला लिहून न्यायचंय, की छोटं विनोदी लेखन कसं वाचावं आणि त्यात हसू नेमकं येतं कुठून. तिच्या सरांनी विनोदाचे प्रकार सांगितले होते, ते तिनं मला वाचून दाखवले. सर कष्टाळू असावेत. मला त्यातलं निम्मं कळलं नाही आणि उरलेल्या निम्म्याला हसू आलं नाही, पण तो दोष माझ्या चौथी नापासाचा. मी म्हटलं, पोरी, प्रकार मला ठाऊक नाहीत, पण आपल्या दुकानात हसू कसं यायचं ते मी जन्मभर पडद्याआडून ऐकलंय.

तिला सांगितलं तेच तुम्हाला पुन्हा लिहिते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण लिहिताना मला बरं वाटतं. पुढे दुकान, मागे आपली पाणी तापवायची खोली, मधे तो फुलाफुलांचा पडदा. तुम्ही पोस्टातून सुटलात की काहीतरी गमतीचं लिहिलेला एक कागद आणून द्यायचात. दादा तो आरशाच्या चौकटीत खोचायचे, गिऱ्हाईकाला साबण फासायचे आणि दाढी करता करता मोठ्यानं वाचायचे. बाकावर बसलेल्यांना तर दाढी नकोच असायची (एक दोघं तर सकाळी करून गेलेले पुन्हा यायचे, आणि दादा त्या गुळगुळीत गालांना पुन्हा साबण लावायचे). तुमचा पहिला कागद आठवतो? सासुरवाडीची ट्रंक हरवल्याचा. अर्धा वाचून होईस्तोवर त्या बिचाऱ्या शिंप्याच्या तोंडावर साबण चुन्यासारखा वाळला. दादांनी कागद परत केला आणि म्हणाले, "एका गालाएवढं लिही." तुम्ही फुगून बसलात, माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाहीत. मग चार दिवसांनी आलात, तेव्हा त्यातलं हवामान गेलं होतं, ट्रंकेचं कुलूप गेलं होतं, मेहुण्यांची अख्खी फलटण गेली होती, आणि जे उरलं होतं त्यावर शिंपी खुर्चीतून घसरला. मी नातीला म्हटलं, हे पहिलं लिही. साबण वाळायच्या आत संपलं पाहिजे.

दुसरं, त्या गोदामबाबूचं. टाळू अशी की तीत बघून भांग पाडावा. तरी दर महिन्याला केस कापायला हजर, कारण घरी त्याच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. दादा त्याच्या गळ्याभोवती कापड बांधायचे, पाणी मारायचे आणि पाव तास डोक्यावरून रिकामी कात्री चालवायचे. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मान वाकवा म्हणायचे, कान धरायचे, खांद्यावरचे नसलेले केस झटकायचे. तुम्ही ते जसंच्या तसं लिहिलंत. शेवटी दादा मागे आरसा धरतात, बाबू या बाजूनं बघतो, त्या बाजूनं बघतो आणि म्हणतो, "मागून जरा जास्तच बारीक केलेत."

गोदामबाबूला ते वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांत आधी तोच हसला. तुम्ही त्याला वेडा म्हटलं नव्हतंत, एकटाही म्हटलं नव्हतंत. नुसती कात्री वाजवलीत.

आता माझा पराक्रम ऐका. हे सगळं ऐकून नात म्हणाली, आजी, खऱ्या गिऱ्हाईकावर करून बघू. आणि नेमका दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत कोण, तर गल्लीतला नवरदेव. दुपारी लग्न, पोराचे गाल घाबरून थरथरत होते. वस्तरा परजत आमचा थोरला मुलगा म्हणाला, जरा सैल बसा राव, दाढीच करतोय. मला दया आली (येते कधीकधी). मी पडदा सारून उभी राहिले, डोळ्यांना चष्मा लावला आणि तुमचा जुना कागद धरून गोदामबाबू वाचायला घेतला. सुरुवातीलाच सांगून टाकलं की हे फार हसवणारं आहे. कुणी हसलं नाही. मधे मीच हसले. तरी कुणी हसलं नाही. घाईघाईनं शेवटचं वाक्य धाडकन वाचून टाकलं, आणि नवरदेव फस्सकन हसला. थोरल्याचा वस्तरा त्याच्या हनुवटीवर होता.

रक्त थोडंच आलं, पण नवरदेवाचा मामा मोठ्या आवाजाचा. "आजी, आधी लग्न तर लागू द्या, मग काय कापायचं ते कापा!" तुरटी लावली, कापूस लावला, पट्टी लावली. थोरला माझ्याशी अजून धड बोलत नाही. दुकानात टीव्ही लावतो म्हणतो, तो तरी कुणाला जखमी करत नाही.

पण भावजी, तुरटी शोधताना मला एक कळलं. शेवटच्या वाक्याआधी दादा दरवेळी गप्प व्हायचे. पडद्याआडून मला वाटायचं, विसरले, आता कागद शोधतायत. मनात म्हणायचे, एवढं सोपं वाक्य, या माणसाच्या डोक्यात राहील तर शपथ. ते विसरायचे नाहीत हो. वस्तरा उचलून खांद्यावरच्या फडक्याला पुसायचे. गिऱ्हाईकाला हसायला जागा करून द्यायचे. सगळं दुकान त्या फडक्याकडे बघत श्वास धरून बसायचं, आणि मी आत पाण्याखालचा जाळ कमी करत नवऱ्याला विसराळू म्हणत होते. नातीनं ते तिसरं म्हणून लिहून घेतलं. मग तिनं मला आणखी विचारलं, पण मला पाणी तापवायचं होतं.

बाकी क्षेम. पथ्य सांभाळा, सुनेला त्रास देऊ नका, दिलात तर मला कळवा.

तुमची वहिनी

ता. क. लग्नाचा फोटो आला. सगळं वऱ्हाड दात दुखल्यासारखं उभं आहे. हसतोय एकटा नवरदेव, पट्टीसकट. दुकानात येऊन विचारून गेला, हे लिहिणारे गृहस्थ आणखी काही लिहितात का? मी सांगितलं, सध्या औषधांवर लिहितात.

ता. क. २. थोरल्यानं टीव्ही पुढच्या महिन्यात आणायचं ठरवलंय. त्याच्याआधी या. येताना नवा कागद आणा, एका गालाएवढाच. मी वाचेन, थोरल्याला वस्तरा कधी उचलून फडक्याला पुसायचा ते शिकवून ठेवलंय.

ता. क. ३. दाढी काढायची नसेल तर नका काढू, जबरदस्ती नाही. तुमच्या दादांच्या खुर्चीत नुसते बसा. थोरला कापड बांधेल आणि रिकामी कात्री चालवेल, मी मागे आरसा धरेन. शेवटचं वाक्य तुम्हाला पाठ आहे.