गाळलेलं रीळ

४ नोव्हेंबर, सकाळ

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. पत्र चार रिळांचं आहे. म्हणजे चार कागद, एकाच बाजूला लिहिलेले. अक्षर मोठं काढलंय, म्हणजे दादाला चष्मा शोधत बसायला नको. दादा, तुलाही नमस्कार, दर महिन्याला वाचून दाखवायचे कष्ट घेतोस म्हणून. मी बरी आहे. सर्दी झाली होती, ती गेली. सर्दीत काम बंदच ठेवावं लागतं. पडद्यावर बाई ढसाढसा रडतेय आणि नाक माझं वाजतंय, असं कसं चालेल?

तुमची अट लक्षात आहे. 'सिनेमे आणि मालिका सोडून काही लिहायचं नाही.' दहा महिन्यांत नऊ पत्रं झाली, एकाही पत्रात मी अटीबाहेर पाऊल टाकलेलं नाही. तुमचा मागच्या वेळचा निरोपही पोचला. 'दोन भाग बघून मत ठोकू नकोस. शेवट बघितल्याशिवाय मत द्यायचं नसतं.' बरं. या वेळी सगळं शेवटपर्यंत बघून लिहितेय. तसंही मला पर्याय नसतोच.

पहिली ती आठ भागांची पोलिसी मालिका, जिची एवढी हवा झालीय. बाबा, त्यातला इन्स्पेक्टर दर भागात अकरा वेळा खिडकीबाहेर बघतो. मी मोजलंय, कारण प्रत्येक वेळी 'तो खिडकीबाहेर बघतो' हे मलाच म्हणावं लागतं. ज्यांना दिसत नाही त्यांना दोन संवादांच्या फटीत काय दिसतंय ते सांगायचं, हे माझं काम. इथे सगळी फटच फट, संवाद औषधालासुद्धा नाहीत. खुनी कोण ते तिसऱ्या भागात कळतं. उरलेले पाच भाग इन्स्पेक्टरला ते कळायची वाट बघण्यात जातात. दिग्दर्शकाला वाटतं की माणूस गप्प बसला की तो खोल असतो. आपल्या शेजारचे पोस्टमास्तरही गप्प बसायचे. त्यांना ऐकू येत नव्हतं.

इथे पहिलं रीळ संपलं. दादा, कागद खाली ठेव.

दुसरा सिनेमा घरगुती. एका म्हाताऱ्या घड्याळजीचं दुकान त्याच्या मुलांनी विकून टाकलंय. त्याला धक्का बसू नये म्हणून घरचे सगळे मिळून एका गोदामात तसंच दुकान उभं करतात. खोटी पाटी, खोटी गिऱ्हाइकं, मुद्दाम बंद पाडलेली घड्याळं. समीक्षकांनी डोक्यावर घेतलाय. आमच्या स्टुडिओतला ध्वनिमुद्रकही डोळे पुसत होता. काम चांगलं केलंय सगळ्यांनी, खोटं कशाला बोलू? म्हातारा घड्याळ कानाला लावून ऐकतो, तिथे मला 'तो ऐकतो' एवढंच म्हणायचं होतं आणि ते तीनदा चुकलं.

पण मला त्या सिनेमाचा संताप आला. शेवटी म्हातारा हसून म्हणतो, 'मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं रे.' सगळे गळ्यात पडतात, संगीत, नावं. किती सोयीचं! लेखकानं फसवणाऱ्यांना अलगद सोडवून टाकलं. खऱ्या घरातल्या म्हाताऱ्याला माहीत नसतं, बाबा. घरातलीच माणसं लपवतात आणि तो विश्वास ठेवून बसलेला असतो. त्यात गोड काय आहे?

तुम्हाला आठवतं, मी नऊ वर्षांची असताना तुम्ही एकदाच रीळ गाळलं होतंत? आई तापानं फणफणली होती, तिला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून संध्याकाळच्या खेळाला अकरावं रीळ तुम्ही डब्यातच ठेवलंत. नायिकेचा बाप चांगलाभला जेवत होता, तो एकदम भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसला. थिएटर शिट्ट्यांनी डोक्यावर घेतलं. मालकानं ऑपरेटरच्या केबिनमधून उचलून तुम्हाला आठवडाभर दारावर तिकिटं फाडायला उभं केलं. घरी येऊन तुम्ही म्हणालात, 'लोक वाईट सिनेमा सोसतात, गाळलेलं रीळ सोसत नाहीत.' तेव्हापासून आपल्या घरात कुणी काही लपवलं की रीळ गाळलं असंच म्हणतात. दादानं प्रगतिपुस्तक लपवलं तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात.

दुसरं रीळ संपलं. दादा, पुढचा कागद तू आधी एकट्यानं वाचला असशील. आता मोठ्यानं वाच.

बाबा, इथे मी तुमची अट मोडतेय.

गेल्या मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. कागदांवर अजून माझाच नंबर आहे. म्हणाल्या, 'डाव्या डोळ्याची सोळा तारीख तुमच्या भावानं रद्द केली. पुन्हा हवी असेल तर लवकर कळवा. महिना उलटल्यावर करून उपयोग नाही.' मी विचारलं, 'बाबांना हे माहीत आहे का?' त्या म्हणाल्या, 'तुम्ही घरचेच ना?' मग मी त्यांच्याकडून कागदावरचं सगळं वाचून घेतलं.

तुमच्या डाव्या डोळ्याचा पडदा एका बाजूनं सुटलाय. आपल्या थिएटरचा पडदा कोपऱ्यातून निसटला होता आणि तुम्ही मध्यंतरात शिडी लावून हुक अडकवले होते, तसंच समजा. मधला भाग अजून चिकटून आहे. आता शस्त्रक्रिया केली तर दहातल्या चार जणांना माणसांचे चेहरे दिसण्याइतकं दिसतं. उरलेल्यांचं जे थोडं दिसत असतं तेही जातं. नाही केली तर तो पडदा आपोआप पूर्ण सुटेल. डॉक्टरांनी हे दादाला खोलीबाहेर सांगितलं. तुम्हाला सांगितलं गेलं की 'सगळं आहे तसंच आहे.'

दादा, आधी मला तुझा भयंकर राग आला. पण मी तुला ओळखते. तू घाबरलास. उजव्या डोळ्याच्या वेळी पट्टी सोडली तेव्हा बाबांसमोर तू उभा होतास, मी नाही. तो चेहरा पुन्हा बघायला लागू नये म्हणून तू हे केलंस. मला शिकवायचा अधिकारही नाही. कारण पहिलं रीळ मी गाळलं होतं.

बाबा, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. जानेवारीत उजव्या डोळ्याच्या वेळी तुम्ही नको नको म्हणत होतात. मीच मागे लागले. 'तुझं ऐकलं आणि डोळा घालवून बसलो,' असं तुम्ही म्हणालात आणि बोलणं टाकलंत. तुम्हाला वाटतं माझा अंदाज चुकला. तसं नव्हतं. संमतीपत्र मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. त्यात लिहिलं होतं की दहातल्या तिघांची आहे ती नजरही जाते. तो परिच्छेद मी गाळला. आवाज जरासुद्धा न अडखळता मी त्याच्या खालच्या ओळीवर गेले. दोन वाक्यांची जोड दिसू न देणं हाच तर माझा धंदा. मग तुमचं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं. तुम्ही विचारलंत, 'धोका काही?' मी म्हणाले, 'किरकोळ.' ऐकलं असतंत तर तुम्ही सही केली नसतीत, हे मला माहीत होतं. म्हणूनच गाळलं.

मला वाटत होतं की तुम्हाला पुन्हा दिसावं. त्याहून जास्त वाटत होतं की ते माझ्यामुळे दिसावं. आता माझा आवाज रोज तुमच्या टीव्हीतून येतो आणि तुम्ही तो ऐकता, असं दादानं एकदा चुकून लिहिलं होतं. मला लाज वाटते, बाबा. मालिकेतल्या परक्या माणसाच्या भुवईची हालचालसुद्धा मी तुम्हाला सांगते, आणि तुमच्या स्वतःच्या डोळ्याचं सांगितलं नाही.

डावा डोळा करा किंवा करू नका. या वेळी मी मत देणार नाही. पण निर्णय तुमचा आहे, आमच्या दोघांचा नाही.

चौथं रीळ छोटं आहे. तुम्ही विचारलेला तो मोठ्या नटाचा सिनेमाही केला. अडीच तासांत माझ्या वाट्याला आलेली वाक्यं: 'स्फोट होतो.' 'आणखी एक स्फोट होतो.' 'आधीपेक्षा मोठा स्फोट होतो.' मधे नट शर्ट काढतो, तेही मी सांगितलंय, नाइलाजानं. त्याला साठी उलटली तरी मारामारीत केस विस्कटत नाहीत. बघू नका. म्हणजे ऐकू नका.

दादा, एक काम कर. वाचून झालं की बाबा कसे दिसत होते ते मला लिही. माझ्या कामाच्या नियमानं. जे दिसलं तेवढंच, तुला काय वाटलं ते नको.

बाबा, उत्तर आलं नाही तरी दर महिन्याला सिनेमांचं लिहीत राहीन. तेही नको असेल तर तसं कळवा.

अट मोडलेली, तुमची
बडबडी


१० नोव्हेंबर

बडबडे,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. दिवसभर गॅरेजमध्ये गाड्यांखाली असतो, अक्षराला ग्रीस लागलं असेल तर समजून घे. तू म्हणालीस तसं जे दिसलं तेवढंच लिहितो.

रविवारी चहा झाल्यावर बसलो. बाबा खुर्चीत, मी पलंगाच्या कडेला. पहिला कागद वाचून टेबलावर ठेवला, दुसरा ठेवला. पोस्टमास्तरांना बाबा हसले. तिसरा कागद मी शनिवारीच वाचला होता. तो चौथ्याच्या मागे धरला आणि सरळ स्फोट वाचायला लागलो. बाबांचा चेहरा लिहून पाठवायचं काम तू मला सांगितलं होतंस, ते वाक्यही वाचताना टाळलं. शेवटी दोन्ही कागद एकदम टेबलावर ठेवले.

बाबा म्हणाले, 'किती रिळांचं होतं?'

'चार.'

'टेबलावर तीनदाच आवाज आला.'

'दोन चिकटले होते, बाबा.'

'अडतीस वर्षं अंधारात बसून आवाजावर मशीन चालवलंय मी. चिकटलेलं कुठलं आणि गाळलेलं कुठलं, ते मला शिकवू नकोस. वाच.'

मी वाचलं. दोनदा पाणी प्यायला थांबलो.

बाबांचा चेहरा. डोळे उघडे, भिंतीकडे. जबडा आवळलेला. डावा हात मांडीवर. उजव्या हाताचा अंगठा खुर्चीच्या दांड्यावर मागे-पुढे, मागे-पुढे. संमतीपत्राचं आलं तेव्हा अंगठा थांबला. चहा संपला होता तरी कप उचलायला गेले, कप लवंडला. मी उचलायला उठलो तर हातानं 'बस' म्हणाले. बाहेर पाण्याचा टँकर मागे येत होता, त्याची पी-पी बंद झाली.

मग म्हणाले, 'ती संमतीचं पान गाळते, तू पत्राचं पान गाळतोस. ऑपरेटरची पोरं शोभता खरी.' हे ते हसून म्हणाले नाहीत.

मी म्हणालो, 'चुकलो.' ते म्हणाले, 'घाबरलास.' तू लिहिलंस तेच. मला रडू आलं. ते त्यांना दिसलं नाही, पण ऐकू आलं.

सोमवारी सकाळी त्यांनी मला फोन लावायला सांगितलं आणि स्वतः डॉक्टरांशी बोलले. मला खोलीबाहेर जायला लावलं, दार बंद करून. वीस मिनिटं. बाहेर बसणाऱ्याचं काय होतं ते कळलं मला.

पुढचं बाबा सांगतायत, मी लिहितोय. एक शब्द गाळत नाही.

'बडबडे, तू केलंस त्याची माफी मिळालेली नाही. एवढ्यात मिळणारही नाही. त्यावर माझं मत शेवट बघितल्यावर देईन. एकवीस तारीख घेतलीय. दहातल्या त्या चारांत न येता सहांत गेलो तर डॉक्टरला बोल लावायचा नाही आणि तुला तर नाहीच, कारण या वेळी पूर्ण सिनेमा बघून सही करतोय. नंतर दहा दिवस पालथं पडून राहायचंय, तोंड जमिनीकडे. तेवढे दिवस खोलीत काय चाललंय ते सांगायला माणूस लागेल. दादाला विचारलं की तो सगळं ठीक आहे म्हणतो. तू ये. टीव्हीतून नको, शेजारी बसून सांग. पण त्याआधी वीस तारखेला दवाखान्यात पोच. संमतीपत्र पुन्हा तूच वाचायचंस. पहिल्या अक्षरापासून.'

सही ते स्वतः करतायत. बोट मी धरलेलं नाही.

बाबा

(सही कागदाबाहेर टेबलावर गेली आहे. पुसलेली नाही. दादा)