कोटाचा विषय मी काढणार नाही

तीर्थरूप वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा अगदी वाकून नमस्कार. (हल्ली वाकलं की कंबर धरते. इतरांना मी मानेनंच करते, तुमच्यासाठी वाकले, याची नोंद घ्यावी.)

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढवतो का? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता, की माझ्या मागच्या दोन पत्रांसारखा तोही कपाटात टाकून दिलात? पत्रांना उत्तर आलं नाही म्हणून मी मुळीच रागावलेली नाही. माणसाला कामं असतात. निवृत्त माणसाला तर जास्तच असतात, हे मी तुमच्या बंधूंकडे बघून सांगू शकते. ते सकाळपासून वर्तमानपत्राच्या घड्या घालत असतात आणि दुपारी दमतात. तेव्हा उत्तराचं सोडा. आणि मामंजींच्या कोटाचा विषय तर मी या पत्रात काढणारच नाही. तुम्ही कोट गुंडी लावायला दिलात. मी गुंडी लावली, अस्तर बदललं, कोपरं रफू केली आणि उजव्या बाजूला वरून लावलेला तो लोंबणारा खिसा काढून, आतल्या दुमडीतलं कापड घेऊन नवा कोरा खिसा बसवला. तुम्ही ‘छान झालाय’ म्हणालात आणि संध्याकाळच्या गाडीऐवजी दुपारच्याच गाडीनं निघून गेलात. एवढंच घडलं. त्यात काढण्यासारखा विषयच नाही.

विषय वेगळाच आहे. जरा टेकून बसा. तुमची भावजय लेखिका झाली आहे.

झालं असं, की आमच्या ग्रंथपालबाई परकर... नव्हे, स्कर्ट आखूड करायला आल्या होत्या. (शिवणाऱ्या बाईला सगळं एकच दिसतं, घेर आणि उंची.) मी खाली बसून, तोंडात टाचण्या धरून मोहरी दुमडत होते आणि नेहमीसारखी बोलत होते. टाचण्यांमुळे माझं बोलणं थांबतं असा तुमचा समज असेल तर तो चुकीचा आहे. दुमड संपली तरी बाई हलेनात. म्हणाल्या, तुम्ही हे सगळं लिहीत का नाही? मी म्हटलं, वेळ कुठे आहे! तर म्हणाल्या, आमच्या वाचनालयात दर रविवारी लिहिणारे लोक जमतात, या. मी गेले. पाहते तो, तिथे दातांचे डॉक्टर सूर्यास्तावर लिहितात (त्यांच्या दवाखान्याला खिडकी नाही) आणि बाकीचे लोक डोळे मिटून ऐकतात. मला धीर आला. इतक्या लोकांना झोपवायला जमत असेल तर आपल्याला जागं ठेवायला का जमू नये? बाईंनी सगळ्यांना विषय दिला: बाहेर कुठे शोधायला जाऊ नका, स्वतःच्या रोजच्या जगण्यातून लिहायचं सुचू द्या. आणि जाहीर केलं, की एका रविवारी सभागृहात खुर्च्या मांडून, माणसं बोलावून प्रत्येकानं आपापलं वाचायचं. माझं नाव मी पहिलं दिलं. कागद अजून कोरा होता, पण तो तपशील झाला.

आता वन्सं, तुम्ही आयुष्यभर शाळेत निबंध तपासलेत, तुम्हाला वाटेल रोजच्या जगण्यातून सुचणं ही काय मोठी गोष्ट! मलाही तसंच वाटलं होतं. मी सुरुवात घरातून, म्हणजे तुमच्या बंधूंपासून केली. हा माणूस सकाळी उठल्यावर चष्मा शोधतो, तो डोक्यावरच असतो, मग तो माझ्यावर खेकसतो, मी सांगते, तो म्हणतो मला माहीत होतं. रोज. याच्यावर पाच पानं सहज होतील म्हणून मी वही घेऊन समोर बसले. झालं! यांना कळलं की आपण छापून येणार. दुसऱ्या दिवसापासून चष्मा रात्रीच उशाशी घडी घालून ठेवलेला. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून चहाला हजर. चहाचा कप हातात धरून खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘आयुष्य म्हणजे...’ आणि थांबले. मी पेन सरसावून वाट बघत राहिले. चहा गार झाला तरी पुढचं काही येईना. शेवटी मीच म्हटलं, असू द्या, चहा तरी प्या. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदाच नीट वागत होता आणि मी त्याच्यावर मनापासून चिडले होते, असा प्रसंग कुणा बाईवर येऊ नये.

घरानं हात टेकले तेव्हा मी दुकानाकडे वळले. माप घेताना माणूस खरं बोलतो, हा माझा अनुभव आहे. हात वर करून उभ्या असलेल्या माणसाला खोटं सुचत नाही. कमरेची टेप आवळली की सुनेपासून शेजाऱ्यापर्यंत सगळं आपोआप बाहेर येतं. पण बातमी पसरायला आमच्या गल्लीत वारा लागत नाही. बेकरीवाले आले ते तोंडाला कुलूप लावून. माप घेऊन झाल्यावर एकच वाक्य बोलले, लेखात कमर दोन इंच कमी लिहा. (कमी लिहिली तर पॅन्ट कोणती घालणार, कागदाची?) वरच्या मजल्यावरच्या बाई याच्या अगदी उलट. त्यांनी पित्ताशयाचं ऑपरेशन पहिल्या कळेपासून टाके काढेपर्यंत ऐकवलं, आणि लेखासोबत त्यांचा लग्नाआधीचा फोटो टाकायची अट घातली. पित्ताशय आणि तो फोटो यांचा संबंध मला अजून लागलेला नाही.

याच बाईंच्या ऑपरेशनमध्ये मी दातांच्या डॉक्टरांची पॅन्ट शिवत होते. कान तिकडे, डोक्यात वाक्यं जुळवते आहे, पाय मशीनवर. त्या भरात डाव्या पायाची मोहरी दुमडायच्या ऐवजी मी सरळ आडवी टीप मारून बंद करून टाकली. म्हणजे उजवीकडे पॅन्ट आणि डावीकडे पिशवी. तशीच इस्त्री करून, घडी घालून दिली. डॉक्टरांचं त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांच्या संमेलनात भाषण होतं. नवी पॅन्ट चुरगळू नये म्हणून ते तिथेच जाऊन बदलायला लागले. बाहेर त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि आत त्यांचा उजवा पाय बाहेर आला, डावा येईना. त्यांनी जोर लावला. अक्कलदाढ उपटणारा जोर तो, पण टीप माझी होती, उसवली नाही. (हे मी अभिमानानं सांगत नाही, पण सांगते.) शेवटी जुन्याच पॅन्टमध्ये भाषण केलं आणि तावातावानं माझ्याकडे आले. मी पॅन्ट उसवून दिली, माफी मागितली, चहा पाजला. आणि वन्सं, पुढच्या रविवारी या गृहस्थानं सूर्यास्त सोडून त्या पॅन्टवर लेख लिहून आणला! लोक डोळे पुसेपर्यंत हसले. टीप माझी, पाय त्यांचा, पण टाळ्या सगळ्या त्यांनाच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यानंतर मी माझा लेख वाचला. ‘माझं घर’ असं नाव होतं. त्यात उन्हात चमकणारी भांडी होती, प्रेमळ पती होते, हसतमुख गिऱ्हाइकं होती, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. ऐकून झाल्यावर ग्रंथपालबाई म्हणाल्या, सगळं कसं इस्त्री केलेलं आहे. मी आभार मानले. घरी येऊन कुलूप उघडताना लक्षात आलं, की ती स्तुती नव्हती. दुसऱ्या दिवशी तडक वाचनालयात जाऊन विचारलं, इस्त्रीत वाईट काय आहे? बाई शांतपणे म्हणाल्या, तुमच्या घरात एकही गोष्ट चुरगळलेली नाही का? मी ठणकावून सांगितलं, नाही, आणि असली तर मी राहू देत नाही. मग ग्रंथपालबाई आपल्या कामाकडे वळल्या. पुस्तकांवर शिक्के मारत राहिल्या. मला त्यांचा तो शिक्क्यांचा आवाज दोन दिवस ऐकू येत होता.

पण तुमच्या भावजयीला तुम्ही ओळखता. हार मानणाऱ्यातली मी नाही. मशीनचं तेल पुसायला चिंधी हवी म्हणून परवा चिंध्यांचं गाठोडं सोडलं, आणि तिथेच मला सुचलं. उभ्या उभ्या. मशीनवर बसून, पाटावर कागद ठेवून एका बैठकीत लिहून काढलं. तुमच्या बंधूंना वाचून दाखवलं. ते चष्मा काढून पुसत बसले, आणि नंतर तो शोधत राहिले. (डोक्यावर होता.) त्यावरून लेख उत्तम झालाय हे मी ओळखलं. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी सभागृहातलं ते वाचन आहे. दातांच्या डॉक्टरांनी आता पॅन्ट कितीही ताणली तरी माझ्यापुढे टिकायचे नाहीत.

बाकी सगळं क्षेम. गुडघ्याला जपा. पट्टा बांधा. उत्तराची घाई नाही.

तुमची,
तुमच्या भावाची एकुलती एक बायको

ता. क. गाठोड्यात काय सापडलं ते सांगायचं राहिलं. मामंजींच्या कोटाचा जुना खिसा. मी कापडाचा बोटभर तुकडाही टाकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच त्यावरून मला नावं ठेवता. नवा खिसा चांगलाच झाला आहे, यावर मी आजही ठाम आहे. हवं तर कुणाही शिंप्याला दाखवा.

दुसरा ता. क. तो जुना खिसा मी परवा पहिल्यांदा उजेडात धरून पाहिला. एका हातानं लोंबलेला खिसा एका बाजूला कलतो, सगळे तसेच असतात. हा दोन्हीकडून सारखा उतरलाय. मी तुमच्या बंधूंना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, की शाळेत जाताना थंडीत तुम्ही वडिलांच्या खिशात त्यांच्या मुठीशेजारी आपली मूठ घालून चालायचात, आणि मोठ्या झाल्यावरही घालायचात. वन्सं, हे तुम्ही मला सांगितलं का नाही? मी गुंडी लावून हात आवरता घेतला असता. लेख या खिशावर आहे. तुम्ही दुपारच्या गाडीनं गेलात, तिथे तो संपतो. ग्रंथपालबाई म्हणाल्या, लेख खरा आहे, पण पुढे काय झालं ते लोक विचारणारच. मी काय सांगू? तुम्ही नको म्हटलंत तर मी वाचणार नाही, ‘माझं घर’ वाचीन आणि सगळ्यांना झोपवीन. पण त्यापेक्षा तुम्हीच या. कोट घेऊन या. जुना खिसा परत बसवायला अर्धी दुपारही लागणार नाही. तसाच बसवीन, लोंबता.

तिसरा ता. क. खिशाच्या आत तळाशी पेपरमिंटची एक गोळी चिकटून विरघळली आहे. मी ती खरवडलेली नाही. खिसा धुतलाही नाही, इस्त्रीही केलेली नाही. मी!